स्मृती हरवलेला मुलगा आणि स्मरणात रमलेले आपण

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा मुंबई-पुण्याइतकाच आनंद हैदराबादच्या मराठी घरांतही झाला. आनंद रास्तच होता. परंतु अभिजात ठरलेल्या या भाषेत, पंधरा वर्षांच्या मुलाला जेवणाची हाक आली तरी खाली ठेववणार नाही असे पुस्तक कोणते, असे कोणी विचारले, तर आपल्यापैकी बहुतेकांची जीभ अडखळेल. 'श्यामची आई' म्हणावे, तर ते आपल्या डोळ्यांतल्या पाण्याचे उत्तर झाले. त्या मुलाचे नव्हे. हा प्रश्न आम्ही येथे मांडीत आहोत तो एका विशिष्ट प्रकारच्या कथेच्या निमित्ताने. आमच्या साहित्यमंडळांनी ज्या वाङ्मयास उंबरठ्याच्या आत येऊ दिले नाही, त्यातलाच तो एक प्रकार आहे.

कथा साधारण अशी असते. चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा, किंवा मुलगी, अनोळखी जागी शुद्धीवर येते. स्वतःचे नाव आठवत नाही, घर आठवत नाही, आईबापांचा चेहरा आठवत नाही. एवढेच कळते की कोणीतरी आपल्या मागावर आहे आणि थांबलो तर संपलो. मग पळापळ, लपाछपी, कोणावर विश्वास टाकावा आणि कोणावर टाकू नये याची क्षणोक्षणी परीक्षा. आणि तुकड्यातुकड्यांनी परत येणारी आठवण. इंग्रजीत अशा कादंबऱ्यांची रांग लागली आहे. जेम्स डॅशनर यांची 'द मेझ रनर' २००९ साली आली, २०१४ साली तिचा चित्रपट झाला, आणि आमच्याच घरांतील नातवंडांनी ती वाचली व पाहिली. आम्ही मात्र ते मुखपृष्ठ पाहून नाक मुरडले. 'उसना माल', 'डोक्याला ताप', 'यात वाङ्मय ते काय?' हे तीन शेरे आमच्या बैठकांतून इतके वेळा ऐकू आले आहेत की ते कार्यवृत्तात कायमचे छापून ठेवावेत.

आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. स्मृती हरवलेल्या आणि पाठलागात सापडलेल्या मुलाची कथा ही आजच्या घडीला परप्रांतात वाढणाऱ्या मराठी किशोरासाठी सर्वांत योग्य कथा आहे. ती मराठीत लिहिली जात नाही, हा दोष मुलांचा नसून आपला आहे.

आधी 'उसना माल' या शेऱ्याचा समाचार घेऊ. विस्मृती हा कथेचा कणा करण्याची कल्पना पश्चिमेकडून आली, असे म्हणणाऱ्याने 'शाकुंतल' वाचलेले नसावे. दुर्वासांच्या शापाने दुष्यंताची आठवण पुसली जाते, मुद्रिका नदीत पडते, माशाच्या पोटातून निघते आणि राजरक्षकांनी पकडलेल्या कोळ्याच्या हातून राजापुढे येते, तेव्हा ती आठवण परत येते. हरवलेला पुरावा, खोटा संशय, अखेरीस ओळख! आजचा कोणताही रहस्यकथाकार या रचनेवर खूश होईल. आणि आपल्या इतिहासात काय कमी आहे? १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले आणि पुढे त्यांच्या नावाने एक तोतया उभा राहिला. 'मीच भाऊ' या त्याच्या दाव्याने पुण्याचा दरबार हादरला. १७७६ साली त्याला देहदंड झाला, तरी खरे-खोटे करण्याची चर्चा थांबली नाही. न. चिं. केळकरांनी त्या प्रकरणावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. माणसाची ओळख कशावर ठरते? चेहऱ्यावर, आठवणीवर, की इतरांच्या साक्षीवर? हा प्रश्न मराठी मनाने पूर्वीच विचारलेला आहे. मग पंधरा वर्षांच्या मुलाने तोच विचारला, की तो उसना कसा होतो?

दुसरा शेरा वाङ्मयीन प्रतिष्ठेचा. मराठीत रहस्यकथा नव्हती असे नाही. गो. ना. दातारशास्त्र्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अद्भुताने भरलेल्या कादंबऱ्या दिल्या. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि फिरोज इराणी आले. पिढ्यान् पिढ्यांनी ही पुस्तके वाचली. पण ती उशीखाली ठेवून, पाठ्यपुस्तकात दडवून वाचली. सभेत उभे राहून 'मी अर्नाळकर वाचून वाचायला शिकलो' असे म्हणण्याचे धैर्य फार थोड्यांनी दाखविले. आमच्या हैदराबादेत तर आणखी एक दार उघडे होते. उर्दू माध्यमातून शिकलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना इब्ने सफी ठाऊक होते. १९५२ साली अलाहाबादेहून त्यांची 'जासूसी दुनिया' निघू लागली आणि उर्दू वाचणाऱ्या शहरांत तिचा डंका वाजला. मराठी घरातल्या बैठकीत ज्ञानेश्वरी आणि आतल्या खोलीत कर्नल फरीदी, असा तो संसार होता. त्याने कोणाचे संस्कार बिघडले नाहीत. उलट, वाचनाची सवय लागली. तीच माणसे पुढे ग्रंथालयांच्या कार्यकारिणीवर आली, आणि नव्या पिढीसाठी मात्र त्यांनी आतली खोली बंद करून केवळ बैठक उघडी ठेवली.

बंगालने हा दुटप्पीपणा केला नाही. उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी १९१३ साली मुलांसाठी 'संदेश' मासिक काढले होते. मध्यंतरी बंद पडलेले ते मासिक त्यांचे नातू सत्यजित राय यांनी १९६१ साली पुन्हा सुरू केले आणि १९६५ पासून त्यात फेलूदा अवतरला. जगभर गौरविलेला चित्रपट-दिग्दर्शक मुलांसाठी गुप्तहेराच्या कथा लिहितो, स्वतः त्यांची चित्रे काढतो, आणि कोलकात्यातला एकही विद्वान त्यांना 'हे काय चालविले आहे?' असे विचारीत नाही. ज्या प्रकारच्या कथेबद्दल आम्ही बोलत आहोत, तीही त्यांनी सत्तरच्या दशकात लिहिली. तिचे नाव 'फटिकचंद'. श्रीमंत वकिलाच्या बारा वर्षांच्या मुलाला चार गुंड पळवून नेतात. वाटेत मोटारीला अपघात होतो. दोघे मरतात, उरलेले दोघे मुलगाही मेला असे समजून पळतात. मुलगा शुद्धीवर येतो तो कोरा होऊन. तो स्वतःसाठी एक नाव घडवितो. आगगाडीत त्याला हारून नावाचा, हातचलाखीचे खेळ करणारा एक तरुण भेटतो. त्याच्या आधाराने तो कोलकात्यात येतो, चहाच्या दुकानात पेले विसळतो. आणि एके दिवशी ते दोघे गुंड त्याला ओळखतात. येथून पाठलाग सुरू होतो. संदीप राय यांनी १९८३ साली त्यावर चित्रपट काढला.

या छोट्याशा पुस्तकात राय यांनी जे साधले आहे ते पाहण्यासारखे आहे. मुलगा आपले नाव विसरला, त्याबरोबर आपण श्रीमंत आहोत हेही विसरला. त्यामुळे त्याला हारून हा गरीब खेळकरी म्हणून दिसत नाही, मुसलमान म्हणून दिसत नाही. गोळे हवेत झेलणारा एक थोर कलावंत म्हणून दिसतो. आठवण परत आल्यावर घर मिळते, पण त्या घरात हारूनला जागा नसते. विस्मृतीची युक्ती येथे केवळ उत्कंठेसाठी वापरलेली नाही. माणसाकडे पाहण्याचे आपले चष्मे आठवणींनी घडलेले असतात, ही गोष्ट बारा वर्षांच्या वाचकाला एका शब्दाचाही उपदेश न करता कळते. अशा कथेत वाङ्मय ते काय, असे विचारणाऱ्यास आम्ही एवढेच विचारू, की याहून निराळे वाङ्मय ते कोणते?

अमेरिकेत रॉबर्ट कॉर्मिए यांनी १९७७ साली 'आय ॲम द चीज' लिहिली. एक मुलगा सायकलवरून वडिलांना भेटायला निघाला आहे, आणि मधूनमधून कोणी तरी त्याला बंद खोलीत प्रश्न विचारीत आहे. हळूहळू उलगडते, की त्याच्या कुटुंबाचे नाव-गाव सरकारनेच संरक्षणासाठी बदलले होते, आणि आता त्याच्या आठवणीत काय उरले आहे यावर कोणाचा तरी डोळा आहे. ज्या शासनाने रक्षण करायचे त्याच्यावरही विश्वास ठेवता येतो का, हा प्रश्न त्यात आहे. उभा जन्म सरकारी फायलींत गेलेल्या माणसालाही तो अस्वस्थ करतो. १९८६ साली फ्लोरिडा राज्यातील बे काउंटीत पालकांच्या तक्रारींवरून हे पुस्तक शाळेच्या वर्गातून काढले गेले. आमची मंडळे मात्र त्याहून पुढे आहेत. आम्हाला पुस्तक काढून टाकावे लागत नाही. कारण आम्ही ते लिहूच देत नाही.

आता मराठीतील खरी उणीव कोठे आहे ते नीट पाहू. बालवयासाठी मराठी दरिद्री नाही. आमच्या लहानपणी मद्रासहून 'चांदोबा' येत असे. नोव्हेंबर १९७१ मध्ये बालभारतीने 'किशोर' मासिक सुरू केले आणि त्याने महाराष्ट्राबाहेरच्या घरांतही प्रवेश मिळविला. भा. रा. भागवतांनी फुरसुंगीच्या बनेश फेणेला सायकलवर बसविले आणि वीस पुस्तकांतून फिरविले. १९८७ साली तो दूरदर्शनवर आला, २०१७ साली चित्रपटात आला. भागवतांचे ऋण मान्य न करणारा मराठी वाचक कृतघ्न म्हणावा लागेल. परंतु फास्टर फेणे कोण आहे, हे त्याला स्वतःला पक्के ठाऊक आहे. त्याचे गाव, त्याची शाळा, त्याची मित्रमंडळी, सारे आपापल्या जागी आहे. रहस्य असते ते बाहेर. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला हेच हवे असते. चौदाव्या वर्षी मात्र रहस्य आत शिरते. आवाज फुटतो, आरशातला चेहरा बदलतो, काल जिवलग असलेला मित्र आज परका वाटतो, आईवडील आपल्याला ओळखतात तरी का असा संशय येतो. 'मी कोण?' हा प्रश्न या वयात तत्त्वज्ञानाचा नसतो, दररोजच्या जगण्याचा असतो. त्या वेळी मराठी त्याला काय देते? 'किशोर' संपले की एकदम रणजित देसाई, शिवाजी सावंत, विश्वास पाटील. मधली पायरीच नाही. ज्याला उडी जमली तो आपला वाचक झाला. ज्याला जमली नाही तो इंग्रजीत गेला, आणि परत आला नाही.

महाराष्ट्रात ही उडी चुकली तरी खाली सतरंजी असते. रस्त्यावर मराठी, बसमध्ये मराठी, नाटकाच्या जाहिराती मराठी. आमच्या मुलांच्या खाली ती नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाचे त्रिभाजन झाले, मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, आणि सुलतान बाजार, काचीगुडा, गौलीगुड्याची मराठी घरे येथेच राहिली. आमच्यापाशी आठवणी पुष्कळ आहेत. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांची आठवण आहे. १९०७ च्या विवेक वर्धिनीची आहे. १९३१ साली येथे भरलेल्या आणि ज्ञानकोशकार केतकरांनी अध्यक्षपद भूषविलेल्या साहित्य संमेलनाची आहे. सप्टेंबर १९४८ ची आहे. या आठवणी मोलाच्या आहेत, यात शंका नाही. पण आम्ही नव्या पिढीला मराठी म्हणून जे जे देतो ते सारे आठवणींच्या रूपानेच देतो. जयंती, पुण्यतिथी, शताब्दी, स्मृतिदिन, स्मृतिव्याख्यान, स्मरणिका! पंधरा वर्षांच्या मुलाला समोर बसवून आपण सांगतो, की हे सारे तू लक्षात ठेव. ज्या गोष्टी त्याच्या बाबतीत कधी घडल्याच नाहीत, त्या त्याने आठवायच्या कशा?

येथेच आमच्या प्रतिपादनाचा गाभा आहे. ऐतिहासिक कादंबरी वाचकाकडे आधीची शिदोरी मागते. 'स्वामी' हाती घेणाऱ्याला राघोबादादा कोण, निजामाशी पेशव्यांचे काय बिनसले होते, हे थोडे तरी ठाऊक असावे लागते. 'पानिपत'ला दत्ताजी, मल्हारराव, नजीबखान ही नावे कानांवरून गेलेली असावी लागतात. पुण्या-कोल्हापूरच्या मुलाला ही शिदोरी घरातून, गल्लीतून, गणपतीच्या देखाव्यातून मिळते. तेलंगणात वाढलेल्या आमच्या नातवाच्या शिदोरीत काकतीयांचा रुद्रेश्वर आहे, बतुकम्मा आहे, गोलकोंडा आहे. तो मराठी पुस्तक उघडतो आणि तिसऱ्याच पानावर त्याला कळते, की या मेजवानीचे आमंत्रण आपल्याला नव्हते. उलट, स्मृती हरवलेला नायक वाचकाकडे कोणतीही स्मृती मागत नाही. पहिल्या पानावर नायकाला जेवढे ठाऊक, तेवढेच वाचकाला ठाऊक. दोघे एकाच ठिकाणाहून निघतात आणि प्रत्येक नाव, प्रत्येक रस्ता, प्रत्येक नाते बरोबरीने शिकत जातात. ज्याच्या मराठीत भूतकाळ कमी आहे, त्याला मराठीत बरोबरीच्या नात्याने प्रवेश देणारी याहून सरळ वाट आम्हाला तरी दिसत नाही.

आक्षेप येतील, यावेत. पहिला आक्षेप डॉक्टर मंडळींचा असेल, आणि तो खरा आहे. डोक्याला मार लागला की माणूस स्वतःचे नाव विसरतो आणि दुसरा मार लागला की सारे आठवते, हे शास्त्र चित्रपटांचे आहे, वैद्यकाचे नाही. १९५३ साली हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणाच्या मेंदूवर अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्याच्या मनात नवी आठवण टिकेनाशी झाली. पण त्याचे नाव, त्याचे बालपण शाबूत होते. एवढेच नव्हे, तर आरशात पाहून आकृती गिरविण्याचा सराव त्याने केला, तेव्हा हात दिवसेंदिवस सुधारत गेला. सराव केल्याचे मात्र त्याला कधीच आठवले नाही. मेंदूच्या आघातात बहुधा अपघाताच्या आसपासचा काळ पुसला जातो. आपण कोण हेच विसरण्याचे प्रकार फार विरळा असून ते तीव्र मानसिक धक्क्याशी निगडित असतात. तेव्हा मराठी लेखकाने खोटे वैद्यक लिहू नये, हे आम्हाला मान्य आहे. परंतु खरे वैद्यक खोट्याहून अधिक रोमांचक आहे. नाव गेले तरी भाषा राहते. घर विसरले तरी सायकल चालविता येते. आईचा चेहरा पुसला तरी तिने शिकविलेली ओवी ओठांवर येऊ शकते. कथाकाराला याहून मोठे भांडवल कोणते हवे?

दुसरा आक्षेप भयाचा. पाठलाग, गुंड, अपहरण, हे मुलांना का द्यावे? आमचे उत्तर असे, की मुले जगात राहतात, देव्हाऱ्यात नव्हे. हरवलेली व राबविली जाणारी मुले शोधून काढण्यासाठी येथील पोलिसांना 'ऑपरेशन स्माईल' आणि 'ऑपरेशन मुस्कान' अशा मोहिमा काढाव्या लागतात. २०१८ साली तेलंगण पोलिसांनी चेहरा जुळवून मुले ओळखणारे 'दर्पण' हे साधन याच कामासाठी आणले. नाव-पत्ता सांगू न शकणारा मुलगा ही कादंबरीकाराची कल्पना नाही. खांडव्याच्या गणेश तलाई वस्तीतला पाच वर्षांचा शेरू १९८६ साली बऱ्हाणपूरच्या स्थानकावर भावापासून चुकला, आगगाडीतून कोलकात्यास पोहोचला आणि तेथून दत्तक म्हणून ऑस्ट्रेलियात गेला. त्याला आपले नाव 'सरू' एवढेच आठवत होते आणि वस्तीचे नाव 'गनेस्टले'. पंचवीस वर्षांनंतर उपग्रहावरून घेतलेल्या छायाचित्रांत त्याने ते स्थानक, तो पूल, ती पाण्याची टाकी शोधली आणि २०१२ साली तो आईपुढे उभा राहिला. २०१३ साली त्याने आपली हकीकत पुस्तकात लिहिली आणि २०१६ साली 'लायन' हा चित्रपट निघाला. खानदेशाला लागून असलेल्या मुलखातली ही गोष्ट जगाने इंग्रजीत वाचली.

तिसरा आक्षेप भाषेचा. मुलांना मराठी वाचता कोठे येते, असे आपण हताशपणे म्हणतो. हे पूर्ण खरे नाही. हैदराबादच्या बहुतेक शाळांत हिंदी शिकविली जाते, म्हणजे देवनागरी त्यांच्या ओळखीची आहे. अडतो तो फार तर 'ळ', आणि 'च'-'ज'चे दुहेरी उच्चार. घरात मराठी ऐकलेली असते. लिपी आहे, कान आहे. नाही ते कुतूहल. 'पुढे काय झाले?' हे कुतूहल व्याकरणाच्या वर्गाने निर्माण होत नाही, ते पान उलटायला लावणाऱ्या कथेनेच होते. फेलूदा अशोक जैन यांनी मराठीत आणला, हे मोठेच काम झाले. पण बंगाली मुलाची गोष्ट मराठीत वाचणे वेगळे, आणि आपल्या गावच्या आपल्याच मुलाची गोष्ट वाचणे वेगळे.

ती गोष्ट कशी असेल? कल्पना करा. काचीगुडा स्थानकाच्या बाकावर एक मुलगा जागा होतो. खिशात काही नाही, डोक्यात काही नाही. पाटीवरचे तेलुगू त्याला सहज वाचता येते. रिक्षावाल्याशी तो दखनीत बोलतो, 'नक्को' म्हणतो. पायऱ्या मोजतो त्या इंग्रजीत. यावरून तो कोणाचा, हे कोणी ओळखावे? पाठलाग करणारे जवळ येतात, तो धावतो, बडी चौडीच्या गल्लीत ठेच लागते, आणि तोंडातून निघते, 'आई गं!' त्याच क्षणी त्याला स्वतःविषयी पहिली खबर मिळते. आणि तो 'नक्को' तरी कोणाचा? दखनीने तो आपल्या 'नको'वरूनच घेतला आहे, हेही त्याला पुढे कळावे. शहराच्या बोलीत आपण किती खोल मुरलो आहोत, हे शंभर स्मृतिव्याख्यानांनी जे पटणार नाही ते अशी एक कादंबरी पटवील. ही कथा पुण्यात घडू शकत नाही, कारण तेथे ठेच लागल्यावर सारेच 'आई गं' म्हणतात. ती येथेच घडू शकते. म्हणून ती येथल्याच कोणी तरी लिहिली पाहिजे.

काय करावे, हेही सांगतो. नुसती टीका करून बाजूला होणे आम्हाला मान्य नाही. मराठी ग्रंथालयांनी किशोरांसाठी एक कपाट वेगळे करावे, त्याला कुलूप नसावे, आणि त्यापुढे उभे राहून कोणीही उपदेश करू नये. भागवत, अर्नाळकर, शिरवळकर, फेलूदा त्यात शेजारीशेजारी असावेत. प्रस्तुत नियतकालिकासारख्या अंकांनी किशोरकथेसाठी पाने राखावीत. मात्र त्रैमासिकात 'क्रमशः' लिहून भागणार नाही. तीन महिने नायकाला विहिरीच्या काठावर लोंबकळत ठेवले, तर वाचक त्याला सोडून जाईल. दरमहा सोळा पानांची स्वतंत्र पुस्तिका काढावी. एका स्मृतिदिनाच्या हारतुऱ्यांचा व चहापानाचा खर्च वाचला, तरी एका महिन्याचा कागद निघेल. आणि ही कथा लिहिण्यासाठी केवळ प्रतिष्ठित लेखकांकडे पाहू नये. पंचविशीतल्या ज्या तरुणांना या शहराच्या चारही भाषा येतात, त्यांना लिहू द्यावे. त्यांच्या मराठीत दखनीचा 'हौ' आला, तर तांबडी पेन्सिल काढू नये.

येथे १९३१ च्या संमेलनाध्यक्षांची आठवण काढणे अप्रस्तुत होणार नाही. केतकरांनी कादंबऱ्या लिहिल्या, तेव्हा त्यांत कला नाही असे त्या काळच्या टीकाकारांनी म्हटले. केतकरांना त्याची फिकीर नव्हती. समाजाला जे सांगायचे आहे ते कादंबरीतून सांगता येते, एवढे त्यांना पुरेसे होते. त्यांच्या नावाने गळा काढणाऱ्या आपण, त्यांचे हे बिनधास्तपण का घेऊ नये?

रहस्यकथेने भाषा भ्रष्ट होते, असे ज्यांना अजूनही वाटते त्यांनी आपल्याच घरात एक पाहणी करावी. नातवाच्या टेबलावर कोणती पुस्तके आहेत, त्यांतील मराठी किती, आणि जी एखादी मराठी आहे तिच्यावर धूळ किती, हे डोळ्यांनी पाहावे. भाषा वाईट पुस्तकांनी मरत नाही. ती न उघडलेल्या चांगल्या पुस्तकांखाली गुदमरून मरते. कथेतल्या मुलाला निदान आपण काही तरी विसरलो आहोत एवढे ठाऊक असते, म्हणून तो शोधायला निघतो. आपल्या मुलांना तेवढीही जाणीव होऊ न देता आपण त्यांच्यापुढे स्मरणिका छापीत राहिलो, तर पंचवीस वर्षांनी त्या वाचायला कोणी उरणार नाही. त्या दिवशी दोष विस्मृतीला देता येणार नाही.